गुरुत्वाकर्षणाचं रडगाणं

एक तरुण गातोय. त्याची तक्रार अशी, की जगातल्या झाडून सगळ्या वस्तू त्याच्याच अंगावर येऊन पडतात. तो कुठेही जावो, खाली खेचणारी ती अदृश्य शक्ती काही त्याचा पिच्छा सोडत नाही. मागचा कोरस त्याची री ओढतो, "डाउन, डाउन, डाउन, डाउन…" तीनेक मिनिटं हे रडगाणं चालतं आणि ते संपेपर्यंत ऐकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला गुरुत्वाकर्षण म्हणजे काय, ते बरंचसं कळलेलं असतं.

गाण्याचं नाव 'अ व्हिक्टिम ऑफ ग्रॅव्हिटी', म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा बळी. 'स्कूलहाउस रॉक!' नावाच्या अमेरिकी मालिकेतली ही 1978 सालची छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म. शब्द आणि संगीत लिन आरेन्स यांचं, गाणारे ब्रुकलिनचे 'द टोकन्स'. न सांगता ऐकवलं तर कुणीही शपथेवर सांगेल, की हे 1958-60च्या आसपासचं रॉक अँड रोल आहे. तसं मुळीच नाही. गाणं वीस वर्षांनी जन्मलं, फक्त कपडे जुने घालून आलं.

अशा गाण्याला समीक्षेत 'पास्तीश' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द नाही, पण तो समजायला लागणारे दोन शब्द मात्र आपल्याकडे पूर्वीपासून आहेत: चाल आणि धाटणी.

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर 'चाल' असं छापून पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे शब्द दिलेले दिसतात. म्हणजे सूर त्या गाण्याचे, शब्द आमचे. हे झालं चाल घेणं. आता समजा, आज कुणी नवा पोवाडा रचला. त्याची चाल अगदी स्वतःची असू शकेल. तरी डफावर थाप पडली, मागे झीलकऱ्यांनी 'जी जी रं जी' धरलं, की पहिल्या दहा सेकंदांत ऐकणाऱ्याला कळतं हा पोवाडा आहे. हे झालं धाटणी घेणं. पास्तीश म्हणजे हा दुसरा प्रकार: सूर नवे, शब्द नवे, पण घराणं ओळखीचं.

आणि विडंबन? तिथे धाटणीचीच टर उडवायची असते. अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'मध्ये रविकिरण मंडळाच्या कवितेची लकब अशी उचलली आहे, की मूळ कवीला ती स्वतःचीच वाटावी आणि मग हसू फुटावं. पास्तीशमध्ये टर दुय्यम असते, बहुधा नसतेच. ज्याची नक्कल करायची त्याच्यावर जीव असल्याशिवाय नक्कल जमत नाही. आपलं हे गुरुत्वाकर्षणाचं गाणं मात्र थोडंसं मधल्या बाकावर बसतं. ते कसं, हे पुढे येईलच.

चाल आणि धाटणीतला हा फरक केवळ शब्दच्छलाचा नाही, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. मौज म्हणजे त्यातल्या दोन गाजलेल्या प्रकरणांत हेच टोकन्स कुठे ना कुठे उभे दिसतात. 1963 साली त्यांनी 'द शिफॉन्स' या मुलींच्या गटासाठी 'ही'ज सो फाइन' या गाण्याची निर्मिती केली. पुढे 1970मध्ये जॉर्ज हॅरिसनचं 'माय स्वीट लॉर्ड' आलं आणि लोकांना दोन्हींची चाल सारखी वाटू लागली. 1976मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की हॅरिसनने चाल मुद्दाम चोरलेली नाही, पण नकळत, मनाच्या तळातून ती उचलली गेली आहे, आणि कायद्याच्या लेखी तेही उल्लंघनच. चालीला असा मालक असतो. धाटणीला सहसा नसतो. पोवाड्याच्या धाटणीवर कुणी मालकी सांगू शकत नाही, तसंच रॉक अँड रोलच्याही. 'सहसा' म्हणतोय, कारण 2015मध्ये 'ब्लर्ड लाइन्स' या गाण्याच्या खटल्यात ज्युरीने मार्विन गे या जुन्या गायकाच्या वारसांच्या बाजूने कौल दिला आणि पुष्कळ संगीतकारांनी डोक्याला हात लावला. त्यांचं म्हणणं होतं, की घेतली ती नुसती धाटणी, दंड मात्र चालीचा बसला.

दुसरं प्रकरण जास्त कडू आहे. टोकन्सना जगभर ओळख देणारं, 1961 साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं म्हणजे 'द लायन स्लीप्स टुनाइट'. त्याचं मूळ दक्षिण आफ्रिकेत. 1939मध्ये जोहान्सबर्गला सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने 'म्बुबे', म्हणजे 'सिंह', हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यात मागचे गायक 'उयिंबुबे' म्हणतात. अर्थ: तू सिंह आहेस. अमेरिकेत पीट सीगर या लोकगायकाला तबकडीवरून ते ऐकू आलं 'विमोवे' असं, आणि अर्थ असलेला शब्द गाण्यातला निरर्थक घोष होऊन बसला. लिंडा 1962मध्ये गरिबीतच वारला. त्याच्या मुलींना तडजोडीतून काही हिस्सा मिळाला तो थेट 2006 साली.

हा 'विमोवे' लक्षात ठेवा. एखाद्या शब्दाचा अर्थ कसा गळून पडतो याचं ते उदाहरण आहे, आणि आपल्या गाण्यात नेमकं उलटं घडतं.

आता हा जुना पोशाख शिवला कसा जातो ते पाहू. टोकन्स ज्या धाटणीत वाढले तिला डू-वॉप म्हणतात. 1940च्या दशकाच्या अखेरीला आणि पन्नासच्या दशकात न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर अशा शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधली पोरं नाक्यावर, जिन्याखाली, भुयारी रेल्वेच्या स्थानकात उभी राहून गायची. वाद्यं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून गळ्यातूनच वाद्यं काढली. एकजण खर्जात 'डोम डोम डोम' करत डबल बासचं काम करी. दोघं-तिघं मधल्या पट्टीत 'शू-वा', 'डू-वॉप' असा भराव देत. मुख्य गायक वर शब्द म्हणे आणि मध्येच कुणीतरी पातळ, खोट्या आवाजात शेंड्यावर जाऊन बसे. फरशीच्या भिंतींवर आवाज घुमायचा, तेवढाच काय तो त्यांचा एको. आपल्या भाषेत सांगायचं तर एक शाहीर, बाकी सगळे झीलकरी, आणि डफसुद्धा झीलकऱ्यांच्याच गळ्यात.

घरी पेटी असेल तर ही धाटणी अर्ध्या मिनिटात ऐकता येते. पांढरी एक हा षड्ज धरा. सा-ग-प एकदम दाबा आणि चार मात्रा थांबा. मग ध-सा-ग. मग म-ध-सा. मग प-नी-रे. आणि पुन्हा सा-ग-प. सगळ्या पट्ट्या पांढऱ्याच. हे चक्र दोनदा फिरलं, की माजघरात पन्नासच्या दशकातली अमेरिका अवतरते. माझ्या पेटीवर मी हे पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा स्वतःच दचकलो होतो. त्या काळातल्या शेकडो प्रेमगीतांच्या खाली हीच चार पावलं आहेत, इतकी, की अमेरिकेत या मालिकेला 'फिफ्टीज प्रोग्रेशन' असंच नाव पडलं. वेगवान, नाचायच्या रॉक अँड रोलचा सांगाडा वेगळा. तो ब्लूजमधून आलेला, बारा आवर्तनांचा: चार आवर्तनं सा, दोन म, दोन सा, मग एक प, एक म, आणि शेवटची दोन पुन्हा सा. इथे सा म्हणजे एकटा सूर नाही, त्यावर उभी राहिलेली स्वरांची जुडी.

मग ताल. एक-दोन-तीन-चार मोजा. भजनाला बसलेल्या माणसाची टाळी आपसूक 'एक'वर पडते, आपला कान समेवर वाढलेला. रॉक अँड रोलमध्ये ड्रमची कडक थाप पडते दोनवर आणि चारवर. संथ गाणं असेल तर पियानोवाला उजव्या हाताने प्रत्येक मात्रेचे तीन तुकडे करत बसतो, टिकिटी-टिकिटी-टिकिटी-टिकिटी. लग्नाच्या हॉलमध्ये जुनं इंग्रजी गाणं लागलं, की आपली मंडळी एक आणि तीनवर टाळ्या द्यायला लागतात आणि गाण्याची आरती होते. दोष कुणाचाच नाही, कान ज्याच्या त्याच्या मातीतले.

पण धाटणी म्हणजे केवळ सूर-ताल नसतो, तिच्यात एक स्वभावही असतो, आणि पास्तीश करणारे पुष्कळजण तिथेच कमी पडतात. डू-वॉपचा स्वभाव काय? सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, त्याच्या दृष्टीने विश्वातलं सर्वांत मोठं दुःख त्याच्याच वाट्याला आलेलं. ती बघत नाही, ती सोडून गेली, नशीबच फुटकं. हे सगळं इतक्या गोड सुरांत, की ऐकणाऱ्याला रडू यायच्या ऐवजी बरंच वाटतं.

आरेन्सबाईंची चलाखी इथे आहे. गुरुत्वाकर्षण शिकवायचंय, तर त्यांनी सफरचंदापासून सुरुवात केली नाही. त्यांनी विचारलं असावं: 'सगळं माझ्यावरच येऊन कोसळतं' हे जगात सर्वांत मनापासून कोण म्हणतं? डू-वॉपमधला तो कुरकुऱ्या पोरगा! त्याच्या तोंडी ही तक्रार घातली की ती खोटी वाटत नाही, कारण तो तसाही तक्रारच करत असतो. फक्त यावेळी दोष प्रेयसीचा नसून भौतिकशास्त्राचा आहे. मधल्या बाकाचं म्हणालो ते हे: त्या जुन्या रडव्या नायकाला हलकासा चिमटा आहे, पण धाटणीवरचं प्रेम तसूभर कमी नाही.

आणि मग तो कोरस. डू-वॉपमध्ये झीलकऱ्यांची अक्षरं निरर्थक असतात, ती फक्त तोंडाला गोलाई आणि तालाला धक्का देण्यासाठी. 'डोम', 'बॉम', 'डिप'. आता 'डाउन' म्हणून पाहा. सुरुवातीला ड, मध्ये तोंड उघडतं, शेवटी नाकात घुमणारा न. खर्जातल्या गायकाला हवं ते सगळं त्यात आहे. ऐकणाऱ्याचा कान आधी ते नेहमीचं 'डोम डोम'च समजतो आणि क्षणभराने लक्षात येतं, अरे, हा तर 'खाली, खाली, खाली' म्हणतोय! संपूर्ण धडा त्या एका अक्षरात बसला आहे. 'विमोवे'मध्ये अर्थ गळून घोष उरला. इथे घोषाच्याच खुर्चीवर अर्थ येऊन बसला, आणि दोन्ही वेळा गाणारे टोकन्सच.

हे सगळं करायची गरज का पडली, ती गोष्ट जाहिरातवाल्यांची आहे. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅकॉल नावाचे गृहस्थ एक जाहिरात कंपनी चालवत. त्यांच्या मुलाचे पाढे पाठ होत नव्हते, रॉक गाण्यांचे शब्द मात्र मुखोद्गत. ही तक्रार मराठी घरात नवी नाही. पण आपल्याकडच्या पाढ्यांनाही चाल होतीच की! 'बे एके बे, बे दुणे चार' हे कुणी गद्यात म्हणून दाखवावं. संध्याकाळी परवचा म्हणणाऱ्या पोरांना हे ठाऊक होतं, की अंक विसरला तरी चाल पुढे ढकलते आणि अंक मागोमाग येतो. इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या पाढ्यांत ही ढकल फारशी नव्हती. मॅकॉलनी ती विकत घ्यायचं ठरवलं. काही संगीतकारांचे प्रयत्न फसल्यावर काम बॉब डोरो या जॅझ पियानोवादकाकडे आलं. मुलांसाठी म्हणून बाळबोध लिहायचं नाही, एवढीच अट. डोरोंनी गणिताची पुस्तकं चाळली आणि तीनच्या पाढ्याचं गाणं घेऊन आले, 'थ्री इज अ मॅजिक नंबर'.

कंपनीतल्या टॉम योही या कलादिग्दर्शकाने ते ऐकता ऐकता कागदावर चित्रं काढली आणि फिल्मची कल्पना निघाली. एबीसी वाहिनीत मुलांचे कार्यक्रम तेव्हा मायकेल आयझनर बघत. सादरीकरणाच्या वेळी त्यांच्या शेजारी चक जोन्स, बग्ज बनीला घडवणाऱ्यांपैकी एक, बसले होते. हे विकत घ्या, असं जोन्सनी सांगितलं आणि जानेवारी 1973पासून मालिका सुरू झाली. मग व्याकरण, अमेरिकेचा इतिहास, विज्ञान असे हप्ते येत गेले. नावात 'रॉक' असलं तरी गाण्यांत जॅझ आहे, कंट्री आहे, लोकगीतं आहेत. अस्सल जुन्या रॉक अँड रोलची सबंध वेशभूषा अंगावर चढवून आलेलं म्हणून गुरुत्वाकर्षणाचं गाणं मला वेगळं वाटतं.

आता कुणी विचारेल, 1978मध्ये आठ वर्षांचं असलेल्या मुलाला 1958ची धाटणी कशी ठाऊक? तोच तर मुहूर्त होता. अमेरिकेला तेव्हा पन्नासच्या दशकाचं वेड लागलं होतं. 'हॅपी डेज' ही त्या काळावरची मालिका 1974पासून एबीसीवरच चालू होती आणि 1978च्या जूनमध्ये त्याच काळावरचा 'ग्रीस' हा चित्रपट पडद्यावर आला. मुलांना साचा टीव्हीने पुरवला, आईवडिलांना आठवणीने. साचा आधीच ओळखीचा असला की डोक्याला सूर समजून घ्यायचे कष्ट पडत नाहीत, पुढे काय येणार याचा अंदाज असतो, आणि उरलेलं लक्ष शब्दांवर जातं. अगदी नव्या, अवघड धाटणीत हाच धडा गायला असता, तर मुलाचं अर्धं लक्ष चालीतच अडकलं असतं.

लिन आरेन्स मॅकॉल यांच्याच कंपनीत सेक्रेटरी होत्या. ऑफिसात गिटार घेऊन येत, जेवणाच्या सुट्टीत वाजवत. ते ऐकून जॉर्ज न्यूअल या वरिष्ठाने त्यांना गाणं लिहायला सांगितलं आणि 1975चं 'द प्रीअँबल' तयार झालं, अमेरिकी राज्यघटनेच्या उद्देशिकेचं गाणं. पुढे त्या ब्रॉडवेवर गेल्या, 'रॅगटाइम' या संगीत नाटकाच्या गीतांसाठी 1998चा टोनी पुरस्कार मिळवला. पण त्या पहिल्या गाण्यात गंमत झालेली आहे. उद्देशिकेच्या सुरुवातीला 'आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक' असं आहे. गाण्याच्या मापात 'संयुक्त संस्थानांचे' बसेना, म्हणून ते गाळलं. परिणामी एका पिढीला उद्देशिका तोंडपाठ आहे, पण सुरुवातीचे ते शब्द वगळून. चाल शब्द पुढे ढकलते तशी ती न बसणारे शब्द बाहेरही ढकलते.

गुरुत्वाकर्षणाच्या गाण्यातही असं काही गळलं आहे. 'डाउन' म्हणजे खाली, पण खाली म्हणजे कुठे? न्यूयॉर्कचं खाली आणि पुण्याचं खाली या दोन निरनिराळ्या दिशा आहेत, दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे रोखलेल्या. शिवाय ओढ एकतर्फी नसते. पृथ्वी त्या पोराला जेवढ्या जोराने खेचते, तेवढ्याच जोराने तो पृथ्वीला खेचतो. 60 किलोचा मुलगा एक मीटर खाली पडला, तर तेवढ्या वेळात पृथ्वीही त्याच्याकडे सरकते. किती? अणुकेंद्राच्या आकारापेक्षाही कोट्यवधी पटींनी कमी, पण सरकते. म्हणजे तो बळी वगैरे काही नाही, बरोबरीचा भागीदार आहे! पण हे सांगितलं तर रडगाण्याचा पायाच निखळतो. धाटणी वाचवायची की शास्त्र, यात धाटणी जिंकली, आणि आठ वर्षांच्या मुलासाठी मला तो सौदा मान्य आहे.

चित्रांबद्दल थोडक्यात. अशा फिल्ममध्ये गाणं आधी पक्कं होतं, चित्रं त्याच्या मापाने काढली जातात. सिनेमाची फिल्म सेकंदाला 24 चौकटी या वेगाने धावते. गाण्याची लय मिनिटाला 120 मात्रा असेल तर एका मात्रेला बरोबर 12 चौकटी येतात आणि दोन-चारवरची ती थाप दर 24 चौकटींनी, म्हणजे सेकंदाला एकदा पडते. वस्तू आपटायची ती नेमकी त्या चौकटीत आपटली पाहिजे. तीन मिनिटांच्या 4,320 चौकटी होतात. एकेक चित्र दोन चौकटी वापरलं तरी 2,160 चित्रं. ठरावीक ठोक्याची धाटणी घेतली की चित्रकाराला सोयीचं जातं, हा तिचा आणखी एक उपयोग.

मुंबईत हा खेळ अमेरिकेच्याही वीस वर्षं आधी होऊन गेला होता, फक्त अ‍ॅनिमेशनशिवाय. 1957च्या 'आशा' चित्रपटासाठी सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांनी रॉक अँड रोलच्या धाटणीत 'ईना मीना डीका' बांधलं. राजेंद्र कृष्ण यांचे शब्द, किशोर कुमार आणि आशा भोसले यांचे आवाज. गाण्याचा मुखडा म्हणजे शुद्ध बडबड. ती कशी सुचली याचा किस्सा असा सांगतात: बाहेर खेळणाऱ्या मुलांच्या 'ईनी मीनी मायनी मो'वरून सुरुवात जुळली, आणि पुढची अक्षरं हुडकताना वादकांतले गोव्याचे जॉन गोम्स सहज 'माका नाका' बोलून गेले. देशभर लोक ते निरर्थक म्हणून नाचत राहिले. कोकणीत त्याचा अर्थ होतो, 'मला नको'.